फ्लॉपीचा सातबारा

फ्लॉपीचा सातबारा काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे रहिमभाई मोजणीदार. प्रत्येक फ्लॉपीमागे ते एक कागद ठेवत. वर गट नंबर, म्हणजे आम्ही त्या फ्लॉपीला दिलेला नंबर. खाली एकूण क्षेत्र, तीनशे साठ केबी, म्हणजे फ्लॉपीत किती मावतं ते. त्याखाली पोटखराबा, म्हणजे तपासणीत खराब निघालेला भाग. मग लागवडीखालचं क्षेत्र, आणि शेवटी पीकपाण्याच्या रकान्यात ‘ऊसनोंद’, ‘हजेरी’ नाहीतर ‘पडीक’. तळाला सही, आणि सहीशेजारी अंगठा. लिहिता येणाऱ्या माणसाला अंगठा कशाला, असं मी एकदा विचारलं.

“सही कुनीबी मारतं, मार्थाबाई,” ते म्हणाले.

हे नव्वदच्या आसपासचं. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून नुकतीच लागले होते. कारखान्यात तेव्हा एक जुना कॉम्प्युटर टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी विभागाला होता आणि एक नवा आमच्या शेतकी विभागाला आलेला. कुणी कधी ऊस लावला याची नोंद त्यात भरायची, म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा ते ठरेल, अशी योजना. त्याआधी या सगळ्या नोंदी रहिमभाईंच्या वहीत असत. गावोगावच्या बांधांवर फिरून त्यांनी वर्षानुवर्षं ऊस मोजला, आणि मग गुडघे गेले. निवृत्तीला वर्षच उरलं होतं. आमचे शेतकी अधिकारी गुंजाळसाहेब मनाने भले. त्यांनी रहिमभाईंना कॉम्प्युटरच्या खोलीत आणून बसवलं. मला म्हणाले, “कामात मदत होणार नाही, पण दारावर लक्ष राहील.”

लक्ष म्हणजे कसलं! पहिल्याच दिवशी हा उंच, वाळका माणूस खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन आला, दाराबाहेर वहाणा काढल्या, पिशवीतून मोजणीची लोखंडी साखळी काढली आणि मला नमस्कार करायच्या आधी खोली मोजली. मग सांगितलं, “हिकडली भित चार बोटं बाहेर गेलीया.” मग टेप काढून फ्लॉपी मोजली. सव्वापाच इंच भरली. कंपनीने खोटं सांगितलेलं नाही याचं त्यांना मनापासून समाधान वाटलं. जाताजाता गुंजाळसाहेबांचं टेबल मोजलं आणि डावी बाजू उजवीपेक्षा पाऊण इंच जास्त असल्याचं त्यांच्या कानावर घातलं. साहेब त्या टेबलाशी नऊ वर्षं सुखाने बसत होते. त्या दिवसापासून त्यांना कागद घसरल्यासारखा वाटायला लागला.

मोजायच्या आधी मात्र रहिमभाई दर वेळी एक गोष्ट करत. साखळी जमिनीवर पसरत, कडी न् कडी बोटांनी चाचपत आणि मगच सरळ करत. खोलीत असो की शिवारात, हे चुकायचं नाही. “आधी साखळी मोज, मग रान मोज,” हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तरी ते आधी चमचा तपासत. मला तेव्हा या गोष्टीचा फार राग यायचा. मी घाईची माणूस, त्यात नवीन नोकरी.

फ्लॉपी फॉरमॅट करणं म्हणजे काय, हे मी गुंजाळसाहेबांना आठ दिवस सांगत होते. साहेब पदवीधर, तरी दर वेळी “म्हणजे पुसायची?” असं विचारत. रहिमभाईंना मी एकदा सांगितलं. कोरी फ्लॉपी मशीनला वापरता येत नाही, आधी तिच्यावर गोल गोल रेषा आखाव्या लागतात, आणि जिथे आखता येत नाही तेवढी जागा मशीन खराब म्हणून सोडून देतं.

“सऱ्या पाडायच्या,” ते म्हणाले. “आन खडक लागला तर त्यो पोटखराबा. मंग त्यात काय?”

त्यात काय! खरंच त्यात काही नव्हतं. त्याच दुपारी सातबाऱ्याचे कागद सुरू झाले.

मशीन अडलं की पडद्यावर विचारायचं, सोडून देऊ, पुन्हा करू, की हरलो म्हणू? रहिमभाईंचा नियम असा, की ‘पुन्हा’ तीनदा म्हणायचं, दोनदा नाही, चारदा नाही. “निकाहात बी तीनदाच इचारत्यात. तीनदा न्हाई म्हनलं तर मग मानसानं घरी जावं.” मी चौथ्यांदा बटण दाबलं की ते तोंड फिरवून बसत, जणू मी काही बेअब्रूचं केलं.

आमच्या वाट्याला आलेल्या दहाही फ्लॉप्या टाइम ऑफिसने वापरून टाकलेल्या होत्या. नव्या मागवल्या होत्या, त्या यायच्या होत्या, आणि येतच होत्या. त्या दहांचं पहिलं संकट आलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या हत्यारांची पूजा होते. वजनकाट्याला हार घालतात, ट्रॅक्टरला, टाइपरायटरला, कँटीनच्या झाऱ्याला सुद्धा. रहिमभाईही आपली साखळी घासूनपुसून चौरंगावर आणून ठेवत. “साखळीला कुठं धरम अस्तो,” म्हणत. मी चर्चच्या अंगणात वाढलेली, मला यातलं फारसं कळत नव्हतं. मी आपली पेढा खाऊन घरी गेले. मागे राहिलेल्या गुंजाळसाहेबांच्या मनात आलं, की मशीनला हार घातला, मग फ्लॉप्यांनी काय पाप केलंय? फ्लॉपीच्या मधोमध एक लांबट खिडकी असते आणि त्यातून आतली काळी चकती दिसते. साहेबांना ती जागा हळदीकुंकवासाठीच ठेवलेली वाटली. दहाच्या दहा फ्लॉप्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने, नेमकं तिथे, बोट टेकून हळदीकुंकू वाहिलं आणि वरून फुलाने पाणी शिंपडलं.

दसरा झाल्यावर मी पहिली फ्लॉपी घातली. मशीनने खर्र केलं आणि पडद्यावर आलं, ‘ट्रॅक झिरो बॅड, डिस्क अनयुजेबल’. दुसरी घातली, तेच. तिसरी, तेच. मी रडायच्या बेतात. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला तर तो आठ दिवसांनी येतो म्हणाला.

“काय म्हनतंय त्ये?” रहिमभाईंनी विचारलं.

“पहिल्याच रेषेला खराब आहे म्हणतंय. सगळ्या फ्लॉप्या खराब.”

“समद्या? एकाच दिशी? दहा रानं एकाच दिशी नापीक व्हत्यात व्हय?” ते उठले. “फ्लॉपी ऱ्हाऊ द्या. साखळी बघा आधी.”

साखळी म्हणजे मशीनच्या आतलं, फ्लॉपी वाचणारं डोकं. दवाखान्यातून स्पिरिट आणलं, काडीला कापूस गुंडाळला आणि आत फिरवला. कापूस लालपिवळा होऊन बाहेर आला. रहिमभाईंनी तो उजेडात धरला, हुंगला आणि शांतपणे म्हणाले, “सायबांची भक्ती हाय.”

मग त्यांनी ब्लेडने फ्लॉप्यांची पाकिटं एका कडेने उघडली, आतल्या चकत्या काढल्या, बादलीत मऊ साबणाच्या पाण्याने धुतल्या आणि शेतकी विभागाच्या मागे दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातल्या. हंगामासाठी येऊन उतरलेले बैलगाडीवाले थांबून बघत होते. एकाने विचारलं, “भाई, पापड कशाचं?” रहिमभाईंनी त्याला गंभीरपणे सांगितलं, “कारखान्याचं.” वाळलेल्या चकत्या पाकिटांत परत गेल्या, आणि दहांपैकी नऊ चालल्या. दहावीच्या सातबाऱ्यावर त्यांनी ‘पडीक’ लिहिलं, सही केली आणि अंगठा दिला. खोलीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाटी रंगवली, ‘आत हळदीकुंकू, चहा व लोहचुंबक आणण्यास सक्त मनाई’. चुंबकाचं माझ्याकडून ऐकलेलं, की चुंबक लागला तर फ्लॉपीवरचं सगळं जातं.

आता हौसाबाईबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यावाचून रहिमभाई पुरे होत नाहीत. पन्नाशीची, काळीसावळी, कनॉलकाठी एक एकर ऊस करणारी बाई. विधवा. महिन्यातून एकदा तरी आमच्या खिडकीशी येऊन आत डोकावायची आणि एकच वाक्य बोलायची.

“रहिमभाई, साखळी तपासली का?”

“तपासली, बाई.”

“पुन्ना तपासा.” आणि निघून जायची.

रहिमभाई खरंच पुन्हा तपासत. तिच्या रानात मोजणीला गेले की साखळीचं दुसरं टोक ती दुसऱ्या कुणाला धरू देत नसे, स्वतः धरायची. मला तो प्रकार गमतीचा वाटायचा. एकदा मी हसले, तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं.

बाहत्तरच्या दुष्काळात रहिमभाई मिरजगावकडे रस्त्याच्या कामावर मोजणीला होते. टोळ्यांनी खड्डे खणायचे आणि यांनी संध्याकाळी मोजायचे. हौसाबाईच्या टोळीचं काम रोज कमी भरायला लागलं. ती बाई रोज सांगायची, खणलंय तेवढं खणलंय, तुमचंच कायतरी चुकतंय. हे म्हणायचे, साखळी खोटं बोलत नाही. आठवड्याने ‘काम भरत नाही’ म्हणून ती टोळी कामावरून काढली. नवरा आधीच गेलेला, पदरात दोन पोरं. ती पोरं घेऊन पाण्याच्या मुलखाकडे, श्रीरामपूरकडे चालत निघाली. पुढे महिन्याभराने रहिमभाईंच्या हाताला एक कडी उघडी लागली. साखळी ताणून लांब झाली होती. लांब साखळीत काम कमी भरतं.

“म्या तिला खोटं ठरवलं,” ते म्हणाले. “आन ती खरी हुती.”

ही नोकरी त्यांनी श्रीरामपूरकडे का धरली, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

त्या वर्षी हौसाबाईची उसाची लागण लवकर झालेली. रहिमभाईंनी तिच्या बांधावर उभं राहून सांगितलं होतं, बाई, तुझा नंबर सतरावा. मी मशीनमध्ये सगळी गावं भरली, यादी केली, तिचा नंबर खरोखरच सतरावा आला. आता ती यादी फ्लॉपीवर घालून टाइम ऑफिसला न्यायची, कारण छापायचं मशीन तिकडे होतं. आमच्या मशीनवर यादी दिसत होती. तिकडच्या मशीनवर काहीच दिसेना. पुन्हा फॉरमॅट केली, पुन्हा यादी घातली, पुन्हा नेली, पुन्हा तेच.

टाइमकीपर म्हणाले, शेतकीचं मशीन चुकीचं लिहितं. गुंजाळसाहेब म्हणाले, टाइम ऑफिसचं मशीन आंधळं आहे. कुणी म्हणालं, तीनशे पावलांच्या वाटेवर मळीचा वास आहे, तो फ्लॉपीला लागतो. म्हणून ती डब्यात घालून नेली. कुणी म्हणालं, धक्के बसतात. म्हणून चौथ्या वेळी फ्लॉपी कारखान्याच्या रुग्णवाहिकेतून गेली, तीनशे पावलं, मी मागे मांडीवर घेऊन बसलेली. शेवटी पंचनामा झाला. काट्यावरचा कारकून, कँटीनचा आचारी असे पाच पंच उभे राहिले आणि त्यांनी सही केली, की फ्लॉपी आम्हां पंचांसमक्ष घातली असता तिने काहीएक सांगितले नाही.

गुंजाळसाहेब घामाघूम झाले. “उद्या चारपर्यंत यादी छापली नाही तर गेल्या वर्षीचीच यादी लावायची. तोडणीवाले थांबत नाहीत.”

गेल्या वर्षीच्या यादीत हौसाबाई दोनशे अकरावी होती. म्हणजे तिचा ऊस मे महिन्यापर्यंत उभा राहणार, तुरा येऊन वाळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत हौसाबाई आली. तिला कुठून कळलं कोण जाणे.

“रहिमभाई, सतरावी का दोनशे अकरावी?”

ते उभे राहिले. एवढा उंच माणूस, पण त्या क्षणी मला तो फार लहान दिसला. “बाई, चार वाजेपातुर दम धर.”

“धरला की,” ती म्हणाली. “मिरजगावपसनं धरलाय.” आणि खिडकीखालीच फतकल मारून बसली.

मग त्यांनी मला कामाला लावलं. तिकडे फॉरमॅट केलेली फ्लॉपी आमच्याकडे वाचता येते का? येत होती. आमच्याकडची तिकडे? नाही. “म्हंजी दोन साखळ्या हायती, आन दोनीचं माप येगळं,” ते म्हणाले. “बुकात बघा, कुनाचं डोकं केवढं?” मी मशीनसोबत आलेलं पुस्तक उघडलं. खरंच होतं. नव्या मशीनचं डोकं बारीक, रेषा अरुंद आखणारं. जुन्याचं रुंद.

रहिमभाईंनी खडू घेतला, गुडघे धरत खाली बसले आणि फरशीवर दोन रुंद सऱ्या काढल्या. त्यांच्या आत मधोमध एकेक अरुंद सरी काढली. मग बराच वेळ बघत बसले.

“धुतल्या तरी जुन्या सऱ्या गेल्या न्हाईत, मार्थाबाई. ह्या टाइम आफिसनं पाडल्याल्या. तुमचा नांगर बारीक, त्यो मधनं नवी सरी पाडतो, पर दोनी कडंला जुनी ऱ्हाती. तुमच्या मशीनला निसती नवी दिसती. तिकडचा नांगर रुंद, त्येला नवी-जुनी दोनी लागत्यात. त्ये बिचारं येडं हुतंय.”

मी पुस्तक मिटलं. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

“मग आता?”

“आधी रान सपाट करायचं. जुनं काय बी ऱ्हायलं न्हाई पायजे.” ते दारावरच्या आपल्याच पाटीकडे बघत होते.

पिशवीतून त्यांनी आपला ट्रान्झिस्टर काढला. तो त्यांचा जीव की प्राण. डबा खाताना बाजारभाव ऐकायचे, कुणी आवाज कमी केला तर दिवसभर अबोला. तो त्यांनी टेबलावर पालथा घातला, पकडीने पाठ उघडली, आतला स्पीकर उचकटला आणि त्याचा चुंबक हातात घेतला. नेमके तेव्हाच गुंजाळसाहेब आत आले.

“लोहचुंबक! रहिमभाई, तुम्हीच पाटी लावलीय!”

“व्हय सायेब. दुसऱ्यांसाठी.”

“सगळं जाईल!”

“जाऊ द्या. त्येच घालवायचंय.”

साहेब खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले. रहिमभाई फ्लॉपीवर चुंबक गोल गोल फिरवत राहिले, तोंडाने हळू काहीतरी पुटपुटत. मी ऐकलं तर ते नुसते आकडे मोजत होते. पालथी करून पुन्हा फिरवला. मी आमच्या मशीनवर ती फॉरमॅट केली. पोटखराबा शून्य. यादी घातली. रुग्णवाहिका कुणी बोलावली नाही. रहिमभाईंनी फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात घातली आणि लंगडत चालत निघाले. मागे मी, माझ्यामागे साहेब, आणि सगळ्यांच्या मागे हौसाबाई.

टाइम ऑफिसच्या मशीनने खर्र केलं. थांबलं. पडद्यावर आलं, सोडून देऊ, पुन्हा करू, की हरलो म्हणू? टाइमकीपर हसले. रहिमभाईंनी स्वतः बोट पुढे केलं आणि ‘पुन्हा’ दाबलं. तेच आलं. दुसऱ्यांदा दाबलं. तेच. हा माणूस चौथ्यांदा दाबणार नाही हे मला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा त्यांनी दाबलं, आणि यादी उमटायला लागली. छापायचं मशीन किरकिरत सुरू झालं. सतराव्या ओळीवर हौसाबाईचं नाव आलं तेव्हा पाच पंचांपैकी आचारी टाळ्या वाजवत होता. सव्वातीन वाजले होते.

हौसाबाईने कागदावर बोट ठेवून आपली ओळ मला दोनदा वाचायला लावली. रहिमभाईंना काहीच बोलली नाही. नेहमीचं वाक्यसुद्धा नाही.

तिचा ऊस वेळेवर तुटला. तोडणीनंतर खोडव्याची नोंद घ्यायची होती, म्हणजे तुटलेल्या उसाचं जे पुन्हा फुटतं त्याची. रहिमभाईंनी साहेबांकडून त्या एका मोजणीची परवानगी मागून घेतली. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते आणि एकट्याने जाववत नव्हतं, म्हणून मला बरोबर नेलं. रान मोकळं झालेलं, पाचट पसरलेलं. त्यांनी बांधावर साखळी पसरली, कडी न् कडी चाचपली आणि सवयीने एक टोक हौसाबाईपुढे केलं.

तिने हात मागे घेतले.

“म्या न्हाई धरत आता,” ती म्हणाली. “तुमी मोजा.”

“बाई, धर की.”

“न्हाई म्हनलं न्हवं? मला वैरन बांधायचीय.” आणि पाठ करून ती वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायला बसली.

रहिमभाई साखळीचं टोक हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मी टोक धरलं. ते दुसरं टोक घेऊन पाचटातून लंगडत निघाले. कडेला गेले, खुंटी मारली, वाकून बघितली, पुढे निघाले. मी साखळी उचलत मागे. असं करत आम्ही चारही बांध फिरलो. शेवटच्या बांधाला ते पार कनॉलच्या कडेला पोचले होते, तिथून ते काठीएवढे दिसत होते. साखळी ताणली तेव्हा तिचा थरथराट माझ्या हाताला लागला.

पाठमोऱ्या हौसाबाईने पेंढी आवळली आणि मान न वळवता ओरडून विचारलं, “भरलं का, रहिमभाई?”

तिकडे रहिमभाईंनी वाकून खुंटी बघितली आणि मग सरळ उभे राहिले.

“भरलं, बाई!” त्यांचा आवाज आला. “पुरं भरलं.”